लेकीला अळ्यांच्या विषाणूंवर काम करायचंय, जाऊ द्यावं का?

अक्कलकोट तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

«ताई, आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. तूर आणि ज्वारी घेतो. थोरली मुलगी सोलापुरात राहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. चिंचोली एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत तिला क्वालिटी कंट्रोलला 16 हजारांची नोकरी मिळते आहे. ती म्हणते, नको. पुण्याच्या एका संस्थेत कीटकांच्या विषाणूंवरच्या प्रकल्पात तिची निवड झाली आहे, तिकडेच जाणार. भावकीत लोक विचारतात, अळ्यांचा डॉक्टर होणार का पोरगी? आई म्हणते, हा रोग घरात येईल. ताई, करोनात माझा धाकटा भाऊ गेला. विषाणू म्हटलं की अजून छातीत धस्स होतं. मुलगा बारावीत आहे, सोसायटीचं कर्ज आहे. पोरीचं मन मोडायचं नाही, पण तिला आगीतही ढकलायचं नाही. काय करू?»

भाऊ, तुमच्या घरातला माणूस गेला आहे. त्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही, आणि तुमच्या लेकीनंही म्हणू नये. पण माझं मत आधीच सांगते: तिला जाऊ द्या. रोगाची जी भीती तुम्हाला वाटते ती या कामाला लागू होत नाही. एक अपवाद आहे, त्यावर पुढे येते. पैशाची काळजी मात्र रास्त आहे आणि तिच्यावर नीट बोलायला हवं.

आधी विषाणूचं. तुम्ही तूर घेता, म्हणजे हा विषाणू तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला असणार, फक्त त्याला विषाणू म्हणतात हे कुणी सांगितलं नसेल. तूर फुलोऱ्यात असताना पहाटे शेतात गेलात की कधीकधी एखाद्या झाडाच्या अगदी शेंड्याला घाटे अळी उलटी लटकलेली दिसते. मागच्या पायांनी डहाळीला धरलेलं, डोकं खाली, अंग काळपट आणि सुजल्यासारखं. काडीनं जरा डिवचलं की कातडी फाटते आणि आतून पांढुरकं पातळ पाणी गळतं. त्या अळीला न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस, म्हणजे एनपीव्ही झालेला असतो. अळीच्या अंगाचं पाणी करणारी विकरं हा विषाणूच तयार करून घेतो, म्हणजे ते पाणी खालच्या पानांवर सांडतं आणि पुढची अळी ते पान खाते. शेंड्याकडे चढण्यामागेही विषाणूचाच हात असतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या स्पंजी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळीवर प्रयोग करून दाखवलं की विषाणूतलं एकच जनुक अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात ढवळाढवळ करतं आणि अळी वर चढत राहते. ते जनुक काढून टाकलं की अळी मरते, पण खालीच.

याच विषाणूची फवारणी आपल्याकडे तूर-हरभऱ्यावर केली जाते. कृषी सहायकाच्या तोंडून तुम्ही एचएएनपीव्ही हे नाव ऐकलं असेल. हेक्टरी 250 ते 500 एलई अशी मात्रा सांगतात. एक एलई म्हणजे एका पूर्ण रोगट अळीतून निघतील एवढे विषाणूचे स्फटिक, आणि त्यांची संख्या धरली जाते 6 अब्ज. 250 एलईचा हिशेब दीड लाख कोटी स्फटिकांवर जातो, आणि तेवढं सगळं एका छोट्या बाटलीत मावतं. भीती वाटावी असा आकडा आहे खरा. पण ही बाटली हाताळणारे, गाळणारे, फवारणारे लोक आपल्या राज्यात कित्येक वर्षं आहेत. बाटली मिळत नव्हती तेव्हा गावोगाव लोक मेलेल्या अळ्या गोळा करून, पाण्यात चुरडून, फडक्यातून गाळून तेच पाणी पिकावर मारायचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात यावर काम झालं आहे.

ओघात एक सांगून टाकते, कारण चांगल्या औषधाचं नाव इथेच खराब होतं. ही फवारणी संध्याकाळीच करायची. उन्हातले अतिनील किरण विषाणूला मारून टाकतात, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात तर दुपारी मारलेलं सगळं वायाच. अळी लहान असतानाच मारायची. बोटाएवढी झाल्यावर तिला कितीतरी जास्त मात्रा लागते. मेली तरी चार ते सात दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन «काहीच झालं नाही» असं म्हणू नका. आणि दुकानात उन्हाच्या फळीवर पडून राहिलेली बाटली घेऊ नका. हे ज्यांनी पाळलं नाही त्यांनीच विषाणूला नावं ठेवली.

आता हा माणसाला का होत नाही ते बघा. हा विषाणू एका प्रथिनाच्या स्फटिकात बंद असतो. तो स्फटिक अळीच्या आतड्यातल्या तीव्र अल्कात विरघळतो. आपल्या पोटात उलट आम्ल. तरीही समजा एखादा विषाणू सुटा होऊन आपल्या पेशीत शिरला, तर पुढे त्याला आपली संख्या वाढवता येत नाही; त्याची सगळी यंत्रणा कीटकांच्या पेशीसाठी बनलेली आहे. अळ्यांमध्येही तो निवडक आहे. घाटे अळीचा विषाणू मधमाशीला किंवा लेडीबर्ड भुंगेऱ्याला काही करत नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत बाजारातून आणलेल्या साध्या कोबीची पानं तपासली, तर त्यावर कोबीच्या अळीच्या विषाणूचे स्फटिक भरपूर सापडले. लोक ती कोबी खात होतेच, आणि माणसं पिढ्यानपिढ्या अशा भाज्या खात आली आहेत. तुमच्या आईंना हे सांगा: आजी, तुम्ही आजवर शेतातून खुडून आणलेल्या तुरीच्या शेंगांवर, हरभऱ्याच्या भाजीवर हा विषाणू कधी ना कधी असणारच.

आता तो अपवाद. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू डासातही वाढतात आणि माणसातही. त्यांनाही कुणी सैलपणे «कीटकांचे विषाणू» म्हणू शकतं. तुमची मुलगी कुठल्या विषाणूवर काम करणार आहे हे तिला स्पष्ट विचारा. बॅक्युलोव्हायरस, म्हणजे वरचा एनपीव्ही ज्या कुळातला ते कुळ, म्हणाली तर निर्धास्त राहा, जोखमीच्या प्रतवारीत तो सगळ्यात खालच्या गटात धरतात. डासांचे रोग म्हणाली तरी लगेच नाही म्हणू नका. मग प्रयोगशाळा कुठल्या सुरक्षा पातळीची आहे, नव्या माणसाला प्रशिक्षण किती आठवडे देतात, सुई टोचली तर काय करायचं याची लेखी पद्धत आहे का, हे विचारायचं. आणि आणखी एक गोष्ट, जी पुण्यात कुणाच्या ध्यानात येणार नाही. तुमच्याकडे किंवा शेजारी कुणाकडे तुतीवरचं रेशीम असेल आणि तिचं काम रेशीम किड्याच्या विषाणूवर असेल, तर सुट्टीला येताना प्रयोगशाळेतले कपडे, चपला घरी आणायच्या नाहीत आणि संगोपनगृहात पाऊल ठेवायचं नाही. रेशीमवाले ज्याला ग्रासरी म्हणतात तो रोग असल्याच विषाणूचा. त्याचे स्फटिक मातीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि एक अख्खी बॅच बसवू शकतात. या कामात कुणाला धोका असलाच तर तो माणसाला नाही, शेजाऱ्याच्या कोषांना आहे.

«अळ्यांचा डॉक्टर» म्हणणाऱ्या भावकीला काय सांगायचं? त्यांना अमेरिकन लष्करी अळीची गोष्ट सांगा. 2018 मध्ये ती पहिल्यांदा भारतात आली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात मक्यावर दिसली. मक्याच्या पोंग्यात बसून तिनं काय केलं ते तुमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. याच जातीच्या अळीच्या कोषातून, कोषातल्या मादीच्या अंडाशयातून, 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पेशी काढल्या आणि त्या बाटलीत वाढवायला शिकले. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांच्यातल्या एका वाणाचं नाव एसएफ-9. तुमची मुलगी पुण्यात बहुधा रोज सकाळी पहिल्यांदा याच पेशींची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरेल.

या पेशींचं करतात काय, तर विषाणूकडून काम करून घेतात. विषाणू स्फटिकासाठी जे प्रथिन बनवतो ते तो अफाट प्रमाणात बनवतो, कारण शेतात उन्हापावसात टिकायला त्याला ते कवच लागतं. बाटलीत मात्र ऊन नाही, पाऊस नाही. तिथे कवचाशिवायही त्याचं भागतं. टेक्सासमधल्या मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ या दोघांनी 1983 मध्ये त्या कवचाच्या जनुकाच्या जागी माणसाच्या इंटरफेरॉन या प्रथिनाचं जनुक बसवलं, आणि अळीच्या पेशी मुकाट्यानं माणसाचं प्रथिन बनवू लागल्या. आपल्याकडच्या चादरीचा जॅकार्ड माग आठवा: माग तोच, विणकरही तोच, वरचं कार्ड बदललं की नक्षी बदलते. तसंच इथे जनुक बदलायचं आणि हवं ते प्रथिन विणून घ्यायचं. विषाणू शिरल्यावर दोन-तीन दिवसांत पेशी फुगतात, त्यांचं केंद्रक सगळी जागा व्यापून टाकतं, पेशी बाटलीच्या तळापासून सुटून तरंगू लागतात. ज्याला हे ओळखता येतं त्याला कुठल्या तासाला माल काढायचा ते कळतं. एक दिवस उशीर झाला की पेशी फुटतात आणि आतली विकरं हवं असलेलं प्रथिनच खाऊन टाकतात. ही नजर हाताखाली काम करूनच येते, आणि एकदा आली की तिला मागणी आहे.

भाऊ, आता एक गोष्ट जरा दमानं वाचा. करोनाची कोव्होव्हॅक्स नावाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली, 2021 च्या डिसेंबरात तिला आपल्याकडे आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. त्या लशीतलं करोनाचं प्रथिन अळीच्या याच पेशींमध्ये, याच विषाणूकडून बनवून घेतलेलं आहे. तुमच्या भावाला त्याचा उपयोग होणार नव्हता, ती लस उशिरा आली. पण पुढच्या वेळी ती लवकर यावी असं वाटत असेल, तर हे काम करणारी माणसं आधीपासून तयार असावी लागतात. तुमची मुलगी त्यांच्यातली एक होऊ बघते आहे. ज्या शब्दानं तुमच्या छातीत धस्स होतं, त्याच शब्दाशी ती दोन हात करायला निघाली आहे. तुम्हाला दुखवायला नाही. कदाचित काकाच्या जाण्यामुळेच तिला हे सुचलं असेल. एकदा तिला विचारा.

आपल्या जिल्ह्याशी याचा आणखी एक धागा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयामुळे 1987 पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतल्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला आणि 2009 मध्ये तो जगापुढे आला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी त्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात. आपल्या बायकांनी हे साऱ्या जगाला दाखवलं, याचा मला फार अभिमान आहे. त्याच एचपीव्हीवरची सर्व्हॅरिक्स ही लस कशात बनते? कोबीवरच्या उंटअळीच्या जातीतल्या एका पतंगाच्या पेशींत, बॅक्युलोव्हायरसकडून. अंड्याशिवाय बनवलेली फ्लूची फ्लूब्लॉक लस 2013 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तीही अशीच. अळ्यांचा डॉक्टर म्हणून हसणाऱ्यांच्या घरातही मुली-सुना आहेत.

हिमोफिलियाचं नाव ऐकलं असेल. जखम झाली की रक्त थांबत नाही, आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची इंजेक्शनं घेत आयुष्य काढावं लागतं. त्याच्या बी प्रकारावर एकदाच द्यायचा जनुक-उपचार 2022 मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, हेमजेनिक्स नावाचा. तोही कीटकपेशींत, याच विषाणूच्या मदतीनं बनतो. तेव्हाची किंमत 35 लाख डॉलर. आपल्या सिव्हिलमध्ये फॅक्टरसाठी रांगेत बसलेल्या पोराला या औषधाचं नाव सांगूनही उपयोग नाही. मला याचा राग येतो. आणि म्हणूनच हे तंत्र आपल्या पोरापोरींच्या हातात यावं असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्यानं बनवलं की भाव तोच ठरवतो.

आता पैसा. इथे तुमच्या मुलीनं तुम्हाला कागद दाखवले पाहिजेत, नुसतं «होईल सगळं» चालणार नाही. प्रकल्पातली जागा आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली असेल तर सध्या महिना 37 हजार आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, पुढे 42 हजार होतात आणि ती फेलोशिप तिच्या नावावर असते. प्रकल्पातली जागा मात्र प्रकल्पाबरोबर संपते. म्हणून निवडपत्रावर पदाचं नाव काय आहे, प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत, पीएच.डी.ला नोंदणी करू देणार का, आणि ती कुठल्या विद्यापीठात, हे तिनं रुजू होण्याआधी विचारावं. तिच्या गाइडच्या हाताखाली आधी गेलेली मुलं किती वर्षांत पीएच.डी. झाली आणि आज कुठे आहेत, हेही त्या मुलांनाच फोन करून विचारावं. चांगला गाइड या प्रश्नाला कधी रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नये, विषय कितीही गोड असो.

या क्षेत्रात पैसे उशिरा येतात, हे मी लपवणार नाही. दोन-तीन महिने खात्यावर काही जमा होत नाही, मग एकदम येतात. पुण्यात खोलीचं डिपॉझिट, मेस, प्रवास धरून पहिल्या चार महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय तिला पाठवू नका. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तिच्या फेलोशिपवर टाकू नका. मुलाच्या पुढच्या शिक्षणाला ती हातभार लावेल, पण किती आणि कधीपासून, हे आत्ताच तिघांनी बसून ठरवा. न बोलता धरलेल्या अपेक्षांनी घरं मोडलेली मी पाहिली आहेत, बोलून ठरवलेल्या रकमेनं नाही.

चिंचोलीची नोकरी वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. क्वालिटी कंट्रोलमध्ये शिस्त शिकायला मिळते, घरून जाता येतं, पगार वेळेवर होतो. तिच्याकडे नेट नसेल, प्रकल्पाचे जेमतेम आठ-दहा महिने उरले असतील आणि पीएच.डी.चं कुणी बोलत नसेल, तर एक वर्ष ही नोकरी करून, नेट देऊन मग जाणं शहाणपणाचं. तसं असेल तर मी तुमच्या बाजूनं तिला समजवायला तयार आहे. पण प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असेल आणि नोंदणी मिळत असेल, तर 16 हजारांसाठी तिला अडवू नका. पेशी वाढवणं, विषाणू तयार करणं, प्रथिन शुद्ध करणं हे ज्याला हातानं येतं त्याला लस आणि जैवऔषधांच्या कंपन्यांत वेगळं स्थान असतं, आणि त्या कंपन्या पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आहेत. विषाणूंमधून काही जमलं नाही तरी हा हात तिच्याकडे राहतोच.

लग्नाचा विषय तुम्ही पत्रात काढला नाही, पण भावकीच्या तोंडी तो असणारच. शिकताना लग्न करता येतं, पुष्कळ जणी करतात. फक्त «आधी लग्न, मग सासरचे शिकवतील» असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

पुण्याचं अंतर फार मनाला लावून घेऊ नका. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघालात तर जेवणाच्या आत पुण्यात. तिच्या रुजू होण्याच्या दिवशी तुम्ही स्वतः जा, संस्थेच्या दारापर्यंत नको, आत जा. गाइडला भेटा आणि म्हणा, मी तूर पिकवतो, मला ती प्रयोगशाळा बघायची आहे. परवानगी दिली तर काचेपलीकडून का होईना बघा. पेशींना 27-28 अंशांचं तापमान लागतं, म्हणून वीज गेल्यावर ते काय करतात तेही विचारा. शेतकऱ्याला सुचणारा प्रश्न आहे हा, आणि त्याच्या उत्तरावरून प्रयोगशाळा कशी चालते ते कळेल.

कंपनीला मात्र ताटकळत ठेवू नका. निवडपत्र हातात आलं, वरचे चार प्रश्न विचारून झाले, की तिनं स्वतः फोन करून त्यांना हो किंवा नाही कळवावं. कागदांत काही समजलं नाही तर पदाचं नाव आणि प्रकल्पाची मुदत एवढं मला लिहून पाठवा, आठवड्याभरात उत्तर देते.